शेवटचा शब्द येईपर्यंत थांबा

जर्मनच्या चाचणीत मी लिहिले होते, 'इश श्टेए उम फ्यून्फ ऊअर.' मला म्हणायचे होते, 'मी पाच वाजता उठतो.' पेपर परत देताना मॅडम म्हणाल्या, “पाच वाजता तू उभा असतोस हे कळलं. पण उठतोस केव्हा?” सगळा वर्ग हसला. माझ्या वाक्यात शेवटचा 'आउफ' राहून गेला होता. 'श्टेएन' म्हणजे उभे असणे आणि 'आउफश्टेएन' म्हणजे उठणे. एका छोट्या शब्दासाठी गुण गेला आणि पुढे आठवडाभर मित्रांनी मला “उभा आहेस ना?” असे विचारून हैराण केले.

जर्मनमध्ये अशी पुष्कळ क्रियापदे आहेत. शब्दकोशात ती एकसंध दिसतात, पण साध्या वाक्यात त्यांचे दोन तुकडे होतात. मूळ क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागेवर बसते आणि उपसर्ग थेट शेवटी जातो. 'इश माखे दी ट्यूअर...' एवढेच ऐकले, तर दाराचे काहीतरी करतो आहे इतकेच समजते. शेवटी 'आउफ' आले तर दार उघडले, 'त्सू' आले तर बंद झाले. म्हणजे अर्ध्या वाक्यावर अंदाज बांधणारा फसलाच.

आमच्यापैकी बहुतेक जण ही क्रियापदे इंग्रजीतून शिकतात. वहीत डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ आणि मग पाठांतर. मीही तेच करत होतो. आता माझे मत असे झाले आहे की मराठी घरातल्या मुलाने हा धडा मराठीतून समजून घ्यावा. आपल्याकडे त्याची तयारी आधीपासूनच आहे.

पहिली तयारी आपल्या बोलण्यातच आहे. 'उद्या सकाळची पीटी होणार...' हे वाक्य ऐकताना आपण श्वास रोखून धरतो, कारण शेवटी 'आहे' येते की 'नाही' येते यावर सगळे अवलंबून असते. निर्णय शेवटच्या शब्दात असतो, ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे. शिवाय जर्मनमध्ये 'कारण' या अर्थाचा 'वाइल' आला की त्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते आणि सुटलेला उपसर्ग त्याला परत चिकटतो : 'वाइल इश उम फ्यून्फ ऊअर आउफश्टेए'. याची रचना 'कारण मी पाच वाजता उठतो' अशीच आहे. मराठीत क्रियापद शेवटीच असते, त्यामुळे इथे आपल्याला काहीच उलटे करावे लागत नाही.

दुसरी तयारी संस्कृतच्या तासाची. आहार, विहार, प्रहार, संहार : धातू एकच, पण उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. आज हे उपसर्ग शब्दाला घट्ट चिकटलेले दिसतात. वेदांच्या भाषेत मात्र ते क्रियापदापासून दूर, मध्ये दुसरे शब्द ठेवूनही येऊ शकत, आणि पाणिनीने व्याकरणात त्याची नोंद केली आहे. 2014 साली केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा जर्मन की संस्कृत, यावर देशभर वाद झाला होता. कुठली भाषा ठेवावी हे मोठ्यांनी ठरवावे, पण एकीचे व्याकरण दुसरीला समजावून देते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

तिसरी तयारी ग्राउंडवरची. 'दाहिने मुड' या हुकमात 'दाहिने' ऐकून दिशा कळते, पण पाय हलतो तो 'मुड' वर. मध्येच हललेल्या कॅडेटला उस्ताद काय म्हणतात, ते इथे छापण्यासारखे नाही. जर्मन सैन्यात हाच हुकूम 'रेश्ट्स उम' असा आहे. 'रेश्ट्स' म्हणजे उजवीकडे, आणि वळायचे ते 'उम' वर. त्यांचे 'सावधान' म्हणजे 'श्टिलगेश्टान्डेन'. हे 'श्टिलश्टेएन', म्हणजे स्तब्ध उभे राहणे, या क्रियापदाचे रूप आहे. त्याच्या पोटात बसलेला 'गे' पाहिला आणि भूतकाळी रूपात 'गे' उपसर्गानंतर येतो हा नियम मला पाठ न करता लक्षात राहिला : 'आउफगेश्टान्डेन'.

माझा एक मित्र म्हणतो की इंग्रजीतही 'स्विच द लाइट ऑफ' असते, मग इंग्रजीतूनच शिकलेले काय वाईट? त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तुकडे होण्याची कल्पना इंग्रजीतून लवकर कळते. पण 'वाइल' नंतर क्रियापद शेवटी का पळते, तिथे इंग्रजी मदतीला येत नाही.

घाई किती महाग पडते याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'उमफारेन'. जोर 'उम' वर दिला तर उपसर्ग सुटतो आणि अर्थ होतो गाडीने धडक देऊन पाडणे. जोर 'फारेन' वर दिला तर उपसर्ग सुटत नाही आणि अर्थ होतो वळसा घालून जाणे. समोर झाड असताना ड्रायव्हरला यातले कोणते सांगितले, याला महत्त्व आहे!

रायपूरमध्ये आपण मराठी घरी बोलतो, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ऐकतो, आणि शाळेच्या गेटमधून आत येताना बाहेर ठेवून येतो. परीक्षेच्या कामाची नाही, असे आपणच ठरवले आहे. पालकांनाही माझी विनंती आहे, नवी भाषा शिकताना मुलाला “आता मराठी बाजूला ठेव” असे सांगू नका. मला माझा गेलेला गुण मराठीनेच परत मिळवून दिला. पुढच्या चाचणीत 'आउफ' वाक्याच्या शेवटी, आपल्या जागेवर, सावधान उभा होता.

जय हिंद!