पाळी गेली, पुढे काय?

‘रजोनिवृत्ती’ हा शब्द आपल्या कोशांत आहे, पाठ्यपुस्तकांत आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या बोलण्यात मात्र तो क्वचितच ऐकू येतो. येथली बाई ‘पाळी गेली’ एवढेच म्हणते आणि गप्प होते. अंगातून उसळणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, सांधेदुखी, कारणावाचून दाटून येणारे रडू या साऱ्यांना एकत्र बांधणारे नाव तिच्यापाशी नसते. भाषा शिकवणाऱ्या आम्हांला ही केवळ शब्दसंग्रहातील उणीव वाटत नाही. काही स्त्रियांच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

या स्त्रिया म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. प्रारंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या वेळी पंचविशीत असलेली, नवऱ्याकडून संसर्ग झालेली आणि पुढे विधवा झालेली स्त्री डोळ्यांसमोर आणावी. आज तिने पंचेचाळिशी ओलांडली आहे. भारतीय स्त्रीची पाळी थांबण्याचे सरासरी वय हेच, ४६-४७ च्या आसपास. ती जगली, हे या उपचारांचे यश. पण ती प्रौढ होईल, हे गृहीत धरणारी भाषा आपण घडवलीच नाही. नव्वदच्या दशकातील भिंतींवरच्या घोषणांत तिच्यासाठी भय होते, साहित्यात मरण होते; संथपणे पुढे जाणारे आयुष्य कोठेच नव्हते.

रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून परे लावताना अशा स्त्रीच्या अंगाची आग होते. रात्री घामाने लुगडे भिजते. मनात पहिली शंका येते ती ‘आजार उलटला’ ही. दुसरी, ‘गोळ्यांची गरमी झाली’ ही. या दुसऱ्या शंकेपोटी गोळ्या चुकू लागल्या, तर दबलेला विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. उलट, रात्रीचा घाम क्षयरोगाचेही लक्षण असल्याने ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडून देणेही धोक्याचे. पाळी थांबल्यावर हाडे विरळ होतात. टेनोफोव्हिर या औषधाने त्यात भर पडू शकते. त्यासाठी कॅल्शियमची गोळी दिली जाते. ती उपाशीपोटी डॉल्युटेग्राव्हिरबरोबरच घेतली, तर त्या औषधाचे शोषण कमी होते. दोन्ही जेवणासोबत घ्यावीत किंवा डॉल्युटेग्राव्हिर दोन तास आधी घ्यावे, एवढे साधे हे ज्ञान. पण ते मिळण्यासाठी एकाच माणसाला दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. स्त्रीरोगाच्या खोलीत ती एचआयव्ही लपवते आणि एआरटीच्या खोलीत पाळीचा विषय निघत नाही. भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा तिच्या बाजूने आहे. तिची जीभ अजून मोकळी झालेली नाही.

‘हा वैद्यकाचा विषय, साहित्याच्या प्राध्यापकांनी यात का पडावे?’ असा आक्षेप येईल. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले, ते शरीराविषयी मराठीत स्वच्छपणे बोलता यावे म्हणूनच. तो वारसा आम्ही अभ्यासक्रमात शिकवतो. वापरत मात्र नाही.

आमचे म्हणणे थोडके आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला एआरटी केंद्रात विचारले जावे: ‘बाई, पाळी कशी आहे? अंगातून वाफा येतात का?’ हा प्रश्न झाडीबोलीत आणि गोंडीतही विचारता यावा. तो घडवण्याचे काम आमचे आणि आमच्या विद्यार्थ्यांचे. आमच्यापैकी काही जणी याच वयाच्या आहेत. प्राध्यापक-कक्षात पंख्याखालची खुर्ची मागताना आता आम्ही लाजत नाही. सालेकसा-देवरीकडच्या त्या बाईलाही तसे मागता आले पाहिजे.