फ्रेंचचा द्राविडी प्राणायाम

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांत मुलांनी फ्रेंच शिकावे ही हौस आता नवलाची राहिलेली नाही. कोणास गुणपत्रिकेत चार गुण अधिक हवे असतात, कोणाचा डोळा परदेशातील विद्यापीठावर असतो, आणि क्वचित एखाद्यास ती भाषा खरोखरच वाचावीशी वाटते. या हौसेस माझा विरोध नाही. संस्कृत सोडून फ्रेंच का, या जुन्या वादातही मला येथे शिरावयाचे नाही. माझे भांडण आहे ते शिकविण्याच्या वाटेशी. कऱ्हाडच्या किंवा तासगावच्या मुलीस फ्रेंच शिकावयाचे झाले, तर तिला आधी इंग्रज व्हावे लागते. व्याकरणाचे पुस्तक इंग्रज मुलासाठी लिहिलेले. आणि पाठ्यपुस्तक सर्वस्वी फ्रेंचमध्ये असले, तरी त्यावरील विवरण बहुधा इंग्रजीतच. नाक समोर असता हात मानेमागून फिरवून ते धरावयाचे, असा हा प्रकार आहे. आणि आश्चर्य हे की, पालकांस तो प्रगतीचा मार्ग वाटतो!

माझे स्वतःचे पोट इंग्रजीच्या अध्यापनावर भरले आहे, तेव्हा इंग्रजीच्या द्वेषाने मी हे लिहितो असा संशय कोणी घेऊ नये. प्रश्न साधा आहे. इंग्रज मुलास फ्रेंच शिकताना जेथे जेथे ठेच लागते, तेथे मराठी मुलास ठेच लागण्याचे कारण आहे काय?

निर्जीव वस्तूंस लिंग असते, हे ऐकून इंग्रज मूल चकित होते. त्याच्या पुस्तकाला या गोष्टीची समजूत घालावी लागते. आमच्या घरात खुर्ची 'ती', आरसा 'तो' आणि कपाट 'ते' आहे. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच, म्हणजे आपल्याहून एक कमी. कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, हे पाठ करावे लागेल, त्यास इलाज नाही; पण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' असे जन्मापासून बोलणाऱ्या जिभेस विशेषण बदलण्याचा सिद्धांत कोणी समजावून द्यावयास नको. 'त्यू' आणि 'वू' यांतील भेदावर इंग्रजी पुस्तके पाने खर्च करितात. आमच्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' यांत चूक झाली, तर आजीच कान उपटते.

षष्ठीचा प्रकार याहून बोलका आहे. इंग्रजीत 'हिज' की 'हर' हे मालकावरून ठरते. फ्रेंचमध्ये ते वस्तूवरून ठरते. 'सों फ्रॅर' म्हणजे भाऊ, 'सा सर' म्हणजे बहीण. मग तो भाऊ रामाचा असो की सीतेचा. इंग्रज मूल येथे महिनोन्महिने चुकते. मराठीत 'त्याचा भाऊ, त्याची बहीण' यांतील चा-ची नेमके हेच करीत असतात. मराठी त्यापुढे जाऊन 'त्याची' आणि 'तिची' असा मालकाचाही भेद राखते. ज्या मुलीजवळ हे दोन्ही आहे, तिला आपण इंग्रजीच्या दारातून नेऊन तिच्या हातातले निम्मे काढून घेतो, आणि मग तेच तिला नवा नियम म्हणून परत देतो.

पण खरी मौज भूतकाळात आहे. फ्रेंचमध्ये काही थोड्या क्रियापदांस 'असणे' या अर्थाचे सहाय्यक क्रियापद लागते, आणि त्यांचे धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ही क्रियापदे कोणती? आला, गेला, निघाला, पोहोचला, पडला, राहिला, जन्मला, मेला. पुरुष मेला तर 'इल ए मॉर', स्त्री मेली तर 'एल ए मॉर्त'. इंग्रजीत अशा ठिकाणी 'हॅज' येते, म्हणून इंग्रज मुलांकरिता या क्रियापदांच्या आद्याक्षरांची स्मरणसूत्रे रचावी लागली. आणि तीच सूत्रे आमची मुले निमूटपणे घोकतात! 'ती आली आहे' हे वाक्य शब्दशः फ्रेंच आहे, एवढे त्यांना कोणी सांगत नाही. (आपली सगळीच अकर्मक क्रियापदे या गटात नाहीत, 'झोपला' आणि 'चालला' बाहेर राहतात. तेवढी सावधगिरी हवी.) उरलेल्या क्रियापदांचे धातुसाधित एरवी बदलत नाही, पण कर्म आधी आले की ते कर्माप्रमाणे चालते. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणावयाची, तर 'ला लॅत्र क झे एक्रीत'. त्या शेवटच्या 'त'मध्ये चिठ्ठीचे स्त्रीलिंग बोलते. हा नियम इंग्रज विद्यार्थ्यास जाच वाटतो. आमच्या मुलीने मात्र 'मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली' हा कर्मणी प्रयोग बोलावयास लागल्यापासून केलेला आहे.

उच्चाराचे तेच. फ्रेंच त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य. प, त, क यांत इंग्रजीतली हकाराची फुंकर नाही. देवनागरी जाणणारी जीभ 'ताब्ल' सहज म्हणेल. परंतु इंग्रजीच्या सवयीने ती 'टेबल'कडे घसरते. ऐंशीला 'चार वीस' म्हणतात, याचे हसू इंग्रजी शाळेतल्या मुलास येते. खेड्यातील ज्या म्हाताऱ्यांनी विसांवर हिशेब केले, त्यांना ते आले नसते. लिहावयाचे पण उच्चारावयाचे नाही, अशा फ्रेंच अक्षरांची कुचेष्टा करणाऱ्यांनी १९६२ पूर्वीची आपली पुस्तके उघडावी. 'नाहीं' आणि 'कां' यांवरील अनुस्वार कितीजण उच्चारीत होते?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून इंग्रजीत फ्रेंच शब्दांची रीघ लागली, आणि ते भांडार इंग्रजी जाणणाऱ्यास आयते मिळते. मान्य. (त्यातही 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचे दुकान, वाचनालय नव्हे, असे फसवे शब्द थोडे नाहीत.) परंतु आमच्या मुलांस इंग्रजी शब्द येतातच, ते वापरू नयेत असे कोण म्हणतो? शब्द इंग्रजीकडून घ्यावेत, घडण मराठीकडून. शिवाय पोर्तुगीजांनी दिलेले साबण, चावी, पगार, पाद्री हे शब्द फ्रेंच 'साव्हों', 'क्ले', 'पेये', 'पॅर' यांचे सख्खे नातलग आहेत. आणि 'नफ' या एका शब्दाचे नऊ व नवा हे दोन्ही अर्थ होतात, हे संस्कृत 'नव' जाणणाऱ्यास सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल, इंग्रजीमार्गे आलेले फ्रेंच सांगलीस चांगले मानवले आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून उतरले, आणि मर्फीने ते मोलिएरवरून घेतले होते. खरे आहे, पण नाटक वाटेत वेष पालटते आणि कधी अधिक शोभते. व्याकरणाचे तसे नाही. कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, ते आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत. मराठी शिकावयास आधी फारसी शिका, असे त्याने त्यांना सांगितले नाही. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९७० साली निघाला. म्हणजे एकदा तरी आपण इंग्रजीची वाट न पाहता फ्रेंचकडे गेलो होतो.

या द्राविडी प्राणायामाची किंमत कोण देते? इंग्रजी शाळेतले मूल कसेबसे निभावते. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजीत किंचित अडखळणारी मुलगी मात्र पहिल्या महिन्यातच आपणास भाषा येत नाहीत असे ठरवून वर्ग सोडते. आणि नेमके तिच्याजवळ फ्रेंचला लागणारे सामान सर्वांत अधिक असते.

विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून सांगलीस आहे, छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ पासून साताऱ्यास. या दोन जिल्ह्यांतील मराठीच्या आणि फ्रेंचच्या अध्यापकांनी एकत्र बसून शंभर पानांचे पुस्तक सिद्ध करणे अशक्य आहे काय? त्यात लिंग, षष्ठी, 'तू-तुम्ही' यांस दहा पाने पुरेत. खरी कठीण स्थळे निराळी आहेत: मराठीत नसलेले 'जवळ असणे' या अर्थाचे क्रियापद, नामापूर्वीची उपपदे, घशातला र, ओठ उच्या आकाराचे करून म्हणावयाची ई, आणि मुके व्यंजन पुढील स्वराला जोडून जागे करणारा तो संधी. बाकीची पाने त्यांच्यासाठी राखावीत.