दहा बाळंतपणांचं पदक

दहा मुलं जन्माला घालून वाढवणाऱ्या आईला रशियात 'वीरमाता' असा सरकारी किताब मिळतो. स्टालिनने १९४४ साली सुरू केलेला हा किताब सोव्हिएत संघाबरोबर गेला होता. पुतिन यांनी २०२२ मध्ये तो परत आणला. सोबत दहा लाख रूबल. तेही दहावं मूल वर्षाचं झाल्यावर, बाकीची नऊ हयात असतील तर. (युद्धात गेलेलं मूल मात्र हिशेबात धरतात!)

आईचा गौरव डॉक्टरला का खटकावा, असं तुम्ही विचाराल. पाच बाळंतपणं झालेली बाई पुन्हा गरोदर राहिली, की आम्ही तिला जोखमीची समजतो. वारंवार ताणलेलं गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकसत नाही, रक्तस्राव थांबत नाही, तासाभरात जीव जाऊ शकतो. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असण्याची शक्यता वाढते. बाळंतपणं लागोपाठ झाली तर अंगातलं लोह भरून येत नाही. पुढे अंग बाहेर येतं, शिंकलं तरी लघवी होते. हे दुखणं बायका वर्षानुवर्षं लपवतात.

यातला प्रत्येक धोका ती पैसे मिळायच्या आधी पत्करते. नवव्या बाळंतपणात रक्तस्रावाने गेलेली बाई पदकाच्या यादीत नसते.