जादा हप्त्याचा उपदेश आणि कामगाराचे घर

‘गृहकर्जाचे जादा हप्ते भरा आणि लवकर मुक्त व्हा’ असा उपदेश धनिकांची वृत्तपत्रे पगारदारांना नित्य करीत असतात. जणू कर्जाचा डोंगर हा कामगाराच्या उधळपट्टीचाच परिणाम होय! जबलपूरच्या खमरिया, गन कॅरेज आणि वाहन कारखान्यांतील कामगार हा उपदेश शिरोधार्य मानून ओव्हरटाइमचा पैसा बँकेत भरतो. म्हणून या उपदेशाची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. ३० लाखांचे कर्ज, ७ टक्के दर, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता २३,२५९ रुपये. पैकी पहिल्या महिन्यात १७,५०० रुपये निव्वळ व्याज. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. वर्षभर हप्ते भरल्यानंतर या कर्जाचा दरही तितकाच चढला आणि हप्ता तोच राहिला, तर महिन्याचे व्याज होते २३,१८५ रुपये. मुद्दलात जमा अवघे ७४ रुपये! यात कामगाराचा अपराध कोणता? महागाई त्याने निर्माण केली नाही; तिच्या निवारणाचा भार मात्र त्याच्याच माथी आला.

जादा भरण्याचा लाभ खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. ९ टक्के दराच्या अशाच कर्जात प्रारंभीच १ लाख रुपये जादा भरून हप्ता कायम ठेवला, तर वीस हप्ते, म्हणजे सुमारे साडेपाच लाख रुपये, टळतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, ही निवड कर्जदाराला द्यावी, असा आदेश ऑगस्ट २०२३ मध्ये निघाला. हे हक्क प्रत्येकाने बजावावेत, आणि जादा रकमेने मुदतच कमी करावी असे बँकेला लेखी कळवावे.

परंतु हा लाख आणावा कोठून? कायम कामगार तो भविष्यनिर्वाह निधीतून किंवा मुलांच्या शिक्षणातून काढील. कंत्राटी मजुराला तर बँक दाराशीही उभे करीत नाही. जो उपाय काहींनाच परवडतो, त्याला धोरण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

वस्तुतः निराळी रीत याच देशात अस्तित्वात आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या गृहबांधणी अग्रिमावर सरळव्याज आकारले जाते. आधी १८० हप्त्यांपर्यंत मुद्दल, मग ६० हप्त्यांपर्यंत व्याज वसूल होते. पहिला रुपयाही मुद्दलातच जमा होतो! मात्र २०१७ साली त्याची कमाल मर्यादा २५ लाख ठरविण्यात आली आणि कोट्यवधी कष्टकरी त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

१८७२ साली एंगेल्सने इशारा दिला होता की, मालकीचे घर कामगाराच्या पायातील बेडी ठरू शकते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली. त्याच वर्षी संपबंदीचा कायदाही आला. ज्याच्या मानेवर वीस वर्षांचा हप्ता आहे, तो संपाचा विचार करताना कचरतो, हे सत्ताधारी पुरते ओळखून आहेत.

सबब संघटनांनी कर्जाचा प्रश्न ‘घरगुती’ म्हणून टाळू नये. अग्रिमाची सरळव्याजी पद्धत सर्व कष्टकऱ्यांना लागू करा, सार्वजनिक घरबांधणी वाढवा, या मागण्या वेतनाच्या मागणीइतक्याच तातडीच्या आहेत. जादा हप्ता एका कुटुंबाची काही वर्षे वाचवील. निवाऱ्याचा हक्क मात्र संघटित लढ्यानेच मिळेल.