विहिरीतली गार आणि तिचा भाव

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात विहीर खणणे म्हणजे पोटाला चिमटा घेऊन खडकाशी झुंजणे. पाण्याची खात्री नाही, कर्जाचा हप्ता मात्र नक्की. सुरुंग उडतो, यारीने दगड वर येतो आणि कधी त्यात पांढऱ्या सुयांचा झुबका, गुलाबी पापुद्रे किंवा काचेसारखे हिरवट खडे चमकतात. आपण त्याला 'गार' म्हणतो. पोरांना खेळायला देतो, उरलेली बांधावर टाकतो.

आम्ही कुणाला खजिन्याचे स्वप्न दाखवत नाही. शंभर विहिरी खणल्या तरी चांगली गार मिळेलच असे नाही. पण जे आपल्या हातात येते त्याची किंमत आपल्यालाच ठाऊक नसावी, हे दुखणे जुने आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. खडकात मुरलेल्या पाण्याने त्यांत स्फटिक वाढवले. मांजऱ्या खडकातले पांढरे ठिपके तेच. सुया म्हणजे स्कोलेसाइट, गुलाबी पापुद्रे म्हणजे स्टिल्बाइट, हिरवट खडे बहुधा अपोफायलाइट. बोरघाटात रेल्वे खणली गेली तेव्हाच, म्हणजे १८६३ च्या आधी, असे नमुने विलायतेच्या संग्रहालयांत पोचले. साहेबाला कळले ते आपल्याला कळले नाही. २००१ साली राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे एका विहिरीत हिरव्या अपोफायलाइटचे झुबके निघाले. जगभरचे संग्राहक आजही त्यांचे नाव काढतात. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइटही तसाच. दर फेब्रुवारीत अमेरिकेत टूसॉन येथे बाजार भरतो, तेथे आपल्या दख्खनचा दगड हमखास मांडलेला असतो.

भाव ठरतो तो तेथे. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत कापसाची प्रत ग्रेडर ठरवी आणि शेतकरी गाडीजवळ उभा राही. गारेचेही तेच. फरक एवढाच, की येथे शेतकऱ्याला आपण माल विकतो आहोत हेसुद्धा माहीत नसते.

वर कायदा आहेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क सरकारचा. विहीर आमची, कर्ज आमचे, सुरुंगाचा धोका आमचा. खडकात काही निघाले तर मात्र मालक सरकार! आमची मागणी साधी आहे. विहीर खणताना सहज निघालेल्या स्फटिकांवर जमीनधारकाचा हक्क मान्य करा आणि विक्रीची परवानगी तालुक्यालाच, सोप्या कागदावर द्या.

तोवर एवढे करा. पोकळी दिसली तर पहार घालू नका. भोवतीच्या दगडासकट तुकडा काढा. टोक मोडले की किंमत गेली. ॲसिडने धुऊ नका. साधे पाणी, मऊ ब्रश पुरे. कागदात गुंडाळून गाव, गट नंबर, खोली आणि तारीख लिहा. जागेचा पत्ता नसलेला नमुना जाणकाराला निम्मा वाटतो. गारेसाठी सुरुंग लावलेल्या विहिरीत कुणीही उतरू नये. विकण्याआधी तहसीलला विचारा आणि एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. जमल्यास सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहून या. आपल्या बांधावरचा दगड तेथे काचेआड कसा ठेवतात ते डोळ्यांनी बघा.

आणि गावातला एक चांगला नमुना शाळेत ठेवा. आपल्या काळ्या खडकात काय आहे, हे पुढच्या पिढीला तरी व्यापाऱ्याच्या आधी कळू द्या.