गाव हरवत नाही, हलवलं जातं



परदेशातल्या आपल्या मराठी मंडळांत वर्षातून एकदा तरी 'हरवलेलं गाव' या धर्तीचा कार्यक्रम होतोच. पार, विहीर, चुलीवरची भाकरी, आजीची गोधडी. इंजिनिअर-डॉक्टरांचे डोळे पाणावतात आणि मग जेवणाची घोषणा होते. माझा आक्षेप डोळे पाणावण्याला नाही, 'हरवलं' या शब्दाला आहे. छत्री हरवते, किल्ली हरवते. गाव बुडवलं जातं, खणलं जातं, उठवलं जातं; आणि ते कोणीतरी, कोणाच्या तरी फायद्यासाठी करतं.

या हळहळीचं समर्थन करताना रशियन ग्रामीण कादंबऱ्यांचा दाखला दिला जातो. त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे व्हालेंतीन रास्पुतिन यांची 'मात्योराला निरोप' (१९७६). मी ती इथे जर्मन अनुवादात वाचली. अंगारा नदीतलं बेट वीजप्रकल्पासाठी बुडणार आहे. सरकारी माणसं स्मशानातले क्रूस उपटतात, आणि जाळून टाकल्या जाणाऱ्या आपल्या घराला म्हातारी दार्या आदल्या दिवशी चुन्याची सफेदी करते. कादंबरी थोर आहे, वादच नाही. लेखकाचं स्वतःचं गावही ब्रात्स्क धरणामुळे हलवावं लागलं होतं.

पण पुढे काय झालं? १९९० साली ७४ लेखकांनी काढलेल्या, ज्यूद्वेषाचा वास येणाऱ्या जाहीर पत्रावर रास्पुतिन यांची सही होती. १९९१ च्या फसलेल्या बंडाआधी महिनाभर निघालेल्या राष्ट्रवादी आवाहनावरही होती. माझ्या मते हा निव्वळ योगायोग नाही. दुःख खरं असलं, तरी गाव कोणी आणि कशासाठी बुडवलं याचा हिशोब मांडला नाही, तर त्या दुःखाला आरोपी लागतोच. मग 'परके' सापडतात. ज्या देशात आपण राहतो, तिथेही 'हायमाट'च्या गोड कादंबऱ्या नाझींच्या 'रक्त आणि माती'च्या घोषणेला अलगद उपयोगी पडल्या होत्या.

दुसरा रस्ता रशियातच होता. फ्योदर अब्रामोव यांनी पेकाशिनो या गावावर चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत युद्धानंतरचं खेडं आहे : बायकांनी ओढलेली शेती, वर सक्तीची वसुली आणि घरात उपास. सामूहिक शेतावरच्या माणसाला देशांतर्गत पासपोर्टचा हक्क मिळाला तो १९७४ च्या निर्णयाने. पासपोर्ट खिशात घालून गावासाठी उसासे टाकणाऱ्या आपण हे जरूर लक्षात ठेवावं.

आता जर्मनीकडे बघा. पूर्वेला लाउझिट्समध्ये लिग्नाइट कोळशासाठी शंभराहून अधिक गावं पूर्णतः किंवा अंशतः पाडली गेली. तिथल्या सोर्ब या अल्पसंख्य समाजाचं होर्नो हे गाव राज्याच्या घटना-न्यायालयात लढलं, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २००० साली हरलं. पण लढल्यामुळेच गावकरी एकत्र, एकाच जागी, गावाचं नाव घेऊन वसले. पश्चिमेला गार्झवायलरच्या खाणीसाठी इमेराथचं चर्च २०१८ मध्ये पाडलं. जानेवारी २०२३ मध्ये ल्युट्झेराथ पोलिसांनी रिकामं केलं. शेजारची पाच गावं मात्र वाचली. ती कवितांनी वाचली नाहीत. वर्षानुवर्षं आंदोलन झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कोळसा कधी थांबवायचा यावर राजकारण तापलं, म्हणून वाचली. मी ऱ्हाईनकाठी राहतो. माझ्या घरातल्या दिव्यातही त्या कोळशाचा वाटा आहेच.

आणि आपल्याकडे? मुळशीचं धरण मुंबईला वीज देण्यासाठी झालं. १९२१ साली सेनापती बापटांसह मावळे सत्याग्रहाला बसले, पण पुष्कळशा जमिनींचे मालक होते पुण्यातले सावकार, आणि त्यांना भरपाईचे पैसे चालणार होते. कोयनेचं धरण झालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो झाला १९७६ मध्ये, 'मात्योरा' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी! विस्थापित कुटुंबं दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनं करावी लागली. त्या विजेवर कारखाने चालले, शहरं वाढली, आपली कॉलेजं उजळली. आपण इथवर आलो त्यात या बुडालेल्या गावांचा हिस्सा आहे, हे आपल्या कार्यक्रमात कोणी का म्हणत नाही?

आणखी एक. ज्या गावासाठी आपण रडतो त्याला गावकूस होतं. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या गौरवगीतांवर कडक टीका केली ती उगीच नाही. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) वाचल्यावर त्या पारावर कोण बसू शकत होतं, हा प्रश्न टाळता येत नाही. कित्येकांसाठी गाव सुटणं म्हणजेच सुटका होती. आणि गाव उठलं तेव्हा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला निदान भरपाई मागता आली. भूमिहीन मजुराला तेवढाही आधार नव्हता.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे काय तलाठ्याचं दप्तर आहे? नाही. पण विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा सगळा गैरव्यवहार उघडा पाडते, म्हणून ती कादंबरी म्हणून उणी ठरत नाही. उलट तिच्यातलं दुःख अंगावर येतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या 'गावाकडच्या आठवणी'त भाकरी राहू द्या, गोधडीही राहू द्या. पण तीन प्रश्नांची उत्तरं शोधून या : आपल्या तालुक्यातलं कोणतं गाव उठवलं गेलं? त्यात सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसं कुठे गेली? आणि तिथली वीज किंवा पाणी कोणाला मिळालं? उत्तरं माहीत नसतील तर गावी फोन करा, वडीलधाऱ्यांना विचारा. ती उत्तरं मांडायला अर्धा तास राखून ठेवा. जेवण थोडं उशिरा झालं तरी चालेल.