सजगतेची कसोटी

मन शांत करण्याचे वर्ग आता मोबाइल फोनवर भरू लागले आहेत. रोज दहा-पंधरा मिनिटे, असे तीन-चार आठवडे. श्वासाकडे लक्ष द्यावे, मनात आलेला विचार येऊ द्यावा व जाऊ द्यावा, त्याच्यामागे धावू नये, एवढाच पाठ. ‘माइंडफुलनेस’, म्हणजे सजगता, या नावाने तो जगभर चालतो आणि कचेऱ्या, महाविद्यालये व सरकारी खाती यांना तो स्वस्त पडतो. स्वस्त औषधाविषयी आमची तक्रार नाही. ते औषध आहे की नाही, एवढेच आम्ही विचारतो. आणि पेडणे व डिचोली हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून विचारतो.

डिचोलीतल्या खाणी २०१२ साली बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजत राहिले. २०२४ साली उत्खननाला पुन्हा आरंभ झाला, म्हणून मधल्या काळात गेलेली झोप परत आली असे कोणी समजू नये. पेडण्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले. जमिनी गेल्या, उरलेल्यांचे भाव चढले, आणि बापाने काजूच्या बागेत आयुष्य काढले त्या घरचा मुलगा रात्रपाळीला जाऊ लागला. शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत २०२५ च्या मे महिन्यात जी चेंगराचेंगरी झाली, तिचे दुःख तर अजून ओले आहे. या गावांत कोणी ‘मला औदासीन्य आले आहे’ असे म्हणत डॉक्टरकडे जात नाही. डोके धरते, छातीत भरून येते, रात्री विचार थांबत नाहीत, अशीच तक्रार असते. त्यापलीकडचा रोगी साखळीच्या दत्तमंदिरात नेण्याची चाल जुनी आहे, आणि तिला हसण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. दुसरे दार जवळपास उघडे नव्हते.

मनावरच्या उपायाची पारख कशी करावी, हे जगाला फ्रान्समध्ये कळले. मेस्मरच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’चा बोलबाला झाला, तेव्हा १७८४ साली राजाने समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे दोघे होते. मंत्रून भारलेल्या झाडाला बिलगले की मूर्च्छा येते, असा दावा होता. एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेत फिरवले, तो भलत्याच झाडापाशी मूर्च्छित पडला! पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करणारे आमच्या कांदोळीचे आबे फारिया यांनी याचा अर्थ सांगितला: ही निद्रा चुंबकातून येत नाही, ज्याला येते त्याच्याच मनातून येते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. येणारे-जाणारे त्याचे छायाचित्र काढतात, सिद्धान्त मात्र तसाच राहतो.

त्या सिद्धान्ताचे येथे काम आहे. शांती मिळेल असे सांगणारा कोणताही वर्ग, अपेक्षा धरून बसलेल्या माणसाला थोडीफार शांती देतोच. शिवाय माणूस नाव नोंदवतो तो बहुधा आपल्या सर्वांत वाईट आठवड्यात; महिन्याने त्याला बरे वाटले तर त्याचे श्रेय श्वासाला द्यायचे की काळाला? यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, आणि दुसऱ्या गटाला नुसते ताटकळत ठेवून भागत नाही. त्यालाही तेवढाच वेळ, तेवढीच आस्था मिळेल असे दुसरे काही द्यावे लागते. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची गणती करावी लागते. मोबाइलवरच्या वर्गांतून गळणारे पुष्कळ असतात, आणि टिकलेल्यांचेच समाधान मोजले तर कोणताही वर्ग उत्तम ठरेल.

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेला वर्ग आठ आठवड्यांचा, शिक्षकासमोर बसून करायचा होता. तशा वर्गांचा चिंता व औदासीन्य यांवर मध्यम प्रमाणात उपयोग झालेला दिसला आहे. उलट ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत, २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, सजगतेचे धडे नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. इगतपुरीला दहा दिवस मौन धरून बसणे आणि बसथांब्यावर दहा मिनिटे डोळे मिटणे यांना एकच नाव देऊन एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खाती टाकता येणार नाही.

अशी पारख गोव्याला नवी नाही. ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने येथील २४ दवाखान्यांत ‘मानस’ चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रोग्यांशी बोलायचे, अशी ती योजना. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांतील रोगनिदान झालेल्यांपैकी शंभरांत सुमारे ६६ बरे झाले; जेथे समुपदेशक नव्हते तेथे सुमारे ४३. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, आणि तेही लपवले गेले नाही. या चाचणीवरचा आमचा विश्वास त्यामुळेच दृढ होतो.

आम्हांस भय आहे ते निराळे. समुपदेशकाला पगार द्यावा लागतो, मोबाइलवरच्या वर्गाला द्यावा लागत नाही. उद्या कोणी हिशेबनीस म्हणेल की माणसाची जागा यंत्रानेच भागवा. ट्रकाचे कर्ज श्वास मोजून फिटत नाही, हे त्याला कोण सांगणार? काहींची अस्वस्थता डोळे मिटल्यावर उलट वाढते. जीव नकोसा झालेल्या माणसाला तर दुसऱ्या माणसाचाच आवाज हवा. २०२२ पासून चालू असलेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा त्यासाठी आहे, आणि तो क्रमांक अशा प्रत्येक वर्गाच्या पहिल्या पाठातच सांगितला पाहिजे.

तेव्हा कासारवर्णे व मये येथील आरोग्य केंद्रांतून ही चाचणी घ्यावी. पाठ मराठीत व कोंकणीत असावेत, आणि घरात एकच फोन असलेल्या बाईला तो संध्याकाळी हाती येतो की नाही हे आधी पाहावे. एका गटाला मोबाइलवरचा वर्ग, दुसऱ्याला समुपदेशकाची भेट, तिसऱ्याला दोन्ही. निष्कर्ष काय येतील ते येवोत. ते कोठे व केव्हा छापणार, एवढे आरोग्य खात्याने चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी जाहीर करावे.